आवाजाला दारं धरताना

लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकलं, गाणं लावलं. सेकंद पुढे सरकताहेत, आवाजाची पट्टी शंभरावर आहे आणि खोलीत मात्र चिडीचूप. पहिला संशय येतो साउंड कार्डावर. पण शेवटचा वाफा कोरडा दिसला म्हणून शेतकरी लगेच विहीर आटली म्हणत नाही. फावडं घेऊन पाटाच्या कडेनं उलटा चालत जातो आणि कुठलं दार बंद राहिलं ते बघतो.

या पाटातून वाहतात आकडे. सेकंदाला बहुधा 48,000, आणि तेही प्रत्येक कानासाठी वेगळे. मध्येच मेसेजची घंटी वाजली, तर पाइपवायर नावाचा प्रोग्रॅम गाण्याच्या आकड्यात घंटीचा आकडा चक्क मिळवतो. दोन आवाज एकदम ऐकू येतात ते या बेरजेमुळे! ही बेरीज जाते अल्साकडे. अल्सा म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसून कार्डाशी बोलणारी व्यवस्था. यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रॅमरनं 1998च्या सुमारास ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी तिचं काम सुरू केलं होतं. शेवटी कार्ड आकड्यांचा विजेचा दाब करतं आणि स्पीकरचा पडदा थरथरतो.

आता उलटं चालू या. कार्ड दिसतंय का? 'प्रॉक'मधल्या 'असाउंड' फोल्डरात 'कार्ड्‌स' नावाची फाइल असते. गंमत म्हणजे ती डिस्कवर कुठेच नसते. आपण उघडली की लिनक्स त्या क्षणी उत्तर लिहून देतं. तिथे अनेकदा दोन नावं निघतात: एक लॅपटॉपच्या स्पीकरचं, दुसरं एचडीएमआयचं. म्हणजे गाणं कदाचित इमानदारीत मॉनिटरकडे चाललंय, आणि मॉनिटरला स्पीकरच नाहीत! सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की झालं.

तरीही शांतता? टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा. उभ्या पट्ट्यांच्या तळाशी 'एमएम' दिसलं, तर ते दार बंद आहे. पट्टी कितीही उंच असो, थेंब पुढे जाणार नाही. 'एम' ही कळ दाबली की तिथे 'ओओ' येतं.

आवाज येतो पण कडकडतो, हे दुखणं वेगळं. आकडे घमेल्या-घमेल्यानं पुढे जातात. 1,024 आकड्यांचं घमेलं 21 मिलिसेकंदांत रिकामं होतं. तेवढ्यात दुसरं आलं नाही, की धार तुटते आणि कानाला 'कट्' ऐकू येतं. घमेलं मोठं केलं की कडकड थांबते, फक्त आवाज किंचित उशिरा पोहोचतो.

शेवटी स्पीकर-टेस्ट चालवायचं, 'वेव्ह' हा पर्याय देऊन आणि दोन वाहिन्या सांगून. डाव्या बाजूनं कुणीतरी शांतपणे म्हणतं, "फ्रंट लेफ्ट." वाफा भिजला.