सांधे का धरतात? कुंपणच शेत खाते तेव्हा



आपल्याकडे कोणाचे गुडघे धरले, बोटे सुजली, कंबर आखडली की तोंडातून एकच शब्द निघतो, 'वात'. 'वात आलाय, दुसरं काय!' असे म्हणून तेल चोळायचे, शेक द्यायचा आणि पुन्हा लागणीला नाहीतर खुरपणीला उभे राहायचे, ही आपली रीत. परंतु या एका शब्दाखाली कितीतरी वेगवेगळे रोग दडलेले आहेत. त्यांतला एक वेळेवर ओळखला नाही, तर हातापायांचे सांधे कायमचे वाकडे होतात. त्याची ओळख सभासदांच्या घराघरात व्हावी, म्हणून हा लेख.

हे दुखणे खेड्यात किती आहे, याची मोजदाद आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात झालेली आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण हे गाव आहे. तेथे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या एका योजनेखाली घरोघर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ४,०९२ प्रौढ माणसांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरांतल्या अठराजणांना, सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. त्यांत झिजेचे व अंगमेहनतीचे दुखणे पुष्कळ होते. खरा आमवात साधारण हजारी पाच जणांना होता. आकडा लहान दिसतो, पण दहा हजार प्रौढांच्या वस्तीत ही पन्नास माणसे होतात!

मग झीज कोणती आणि आमवात कोणता, हे घरच्या घरी कसे ताडावे? झिजेचे दुखणे बहुधा उतारवयात येते. ते काम केले की वाढते, बसले की कमी होते. सकाळी सांधा आखडला तरी थोडे हिंडले-फिरले की मोकळा होतो. आमवाताचे उलटे आहे. तो ऐन तिशी-चाळिशीतही येतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. हाताच्या बोटांचे, मनगटाचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. अशी सूज सहा आठवड्यांवर टिकली, तर तो नुसता वात समजू नये.

याचे कारण काय? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे कुंपण. बाहेरचे रोगजंतू त्यांनी अडवायचे. आमवातात हे कुंपणच शेत खाऊ लागते. सांध्याच्या आतले अस्तर शत्रूचे आहे असे समजून ते त्यावर तुटून पडते. अस्तर सुजते, मग कूर्चा आणि हाड कुरतडले जाते. हे का घडते, याचा काही उलगडा झाला आहे. काही घराण्यांत तशी प्रकृती वारशाने येते. पण वारसा म्हणजे नुसते बेणे. उगवायला ओलही लागते. विडी-सिगारेटचा धूर ही तशी ओल आहे, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००६ च्या सुमारास दाखवले. धुराने फुप्फुसातल्या प्रथिनांत बदल होतो, आणि ज्यांच्यात मुळात तो वारसा आहे, त्यांचे कुंपण तेथेच बिथरू लागते. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधी ही बिथरल्याची खूण रक्ततपासणीत सापडू शकते.

आता उपचार. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉइड आमवाताच्या रोग्याला दिले आणि अंथरुणाला खिळलेले माणूस काही दिवसांत चालू लागले. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण लवकरच त्याची दुसरी बाजू दिसली. मनाने व फार दिवस घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, तोंड सुजते आणि एकाएकी थांबवले तर जिवावर बेतते. बाजारात 'वातावरची हमखास पुडी' म्हणून जे मिळते, त्यात पुष्कळदा हेच स्टेरॉइड कुटून घातलेले असते. पुडीने दोन दिवसांत जादू झाली, तर आनंदापेक्षा संशय जास्त धरावा.

खरा आधार ठरले आहे ते मेथोट्रेक्सेट. आपल्या आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेच्या कामातून हे औषध आले. आधी ते कर्करोगावर होते, १९८० च्या दशकात आमवातावर सिद्ध झाले. ते स्वस्त आहे, पण त्याचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणून लोक मध्येच सोडतात. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी. दारू वर्ज्य, गरोदरपणात हे औषध अजिबात नाही, आणि रक्ततपासणी चुकवायची नाही.

एवढ्याने भागले नाही तर सुजेचा निरोपच अडवणारी इंजेक्शने आहेत. लंडनमध्ये १९९२ साली त्यांचा पहिला प्रयोग झाला. २०१४ पासून त्यांतल्या एकाची भारतीय आवृत्तीही मिळते. मात्र त्यांनी दबलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करावीच लागते.

त्यापुढचे पाऊल म्हणजे रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना नवे वळण लावून परत सोडणे. जर्मनीत एर्लांगेन येथे लुपस व त्याच जातीच्या विकारांच्या १५ रुग्णांवर हे केले, आणि कुंपण दाबणारी नेहमीची औषधे बंद करूनही ते बरे राहिले, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. हे तंत्र आपल्यापासून लांब नाही. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत जून २०२१ मध्ये देशातला असा पहिला उपचार झाला. आयआयटी मुंबई व टाटा यांच्या या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी. आमवाताला तो नेहमीचा उपचार झालेला नाही. त्याची वाट पाहत आजचे औषध टाळू नये.

शेवटी मुद्दा साधा आहे. हुमणी लागल्यावर ऊस वाळेपर्यंत आपण थांबत नाही. घरातल्या बाईची मूठ सकाळी वळत नसेल, तर 'सुगी उरकू द्या, मग बघू' असे म्हणू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवलेला हात पुढे वीस वर्षे विळा धरू शकतो.