मुतखडा गेला, नळी राहिली!

मैत्रिणींनो, नाव वाचून नाक मुरडू नका. मुतखडा हा चारचौघींत काढायचा विषय नव्हे, म्हणूनच सदाशिव पेठेतल्या आमच्या जाऊबाईंनी तीन दिवस ओव्याच्या अर्कावर काढले. कंबर धरून पोळ्या लाटत होत्या, बाई! चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठे दारात रिक्षा आली. डॉक्टर रागावलेच. मूत्रवाहिनीत खडा अडकून लघवी वर तुंबली आणि त्यात ताप आला, तर जिवावर बेतू शकते. आधी नळी घालून लघवीला वाट करून दिली. खड्याचे मग पाहिले.

शस्त्रक्रिया म्हटल्यावर सासूबाईंनी बरगडीखालचा आपला वीतभर व्रण दाखवला. पूर्वी कूस उघडावीच लागे. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीला लहान भोक पाडून दुर्बिणीने खडा काढला गेला, १९८० मध्ये म्युनिकला तो बाहेरूनच लहरींनी फोडला. आता साधारण दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्याला पाठीतले भोक. त्याहून लहानाला लहरी, किंवा लघवीच्या वाटेने दुर्बीण आणि लेझर. गर्भवतीला मात्र लहरी चालत नाहीत. पाच मिलिमीटरच्या आतले पुष्कळसे खडे आपसूक पडतात. जाऊबाईंचा आठाचा होता. लेझरने फुटला, टाकाही नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. सुजेने वाट बंद होऊ नये म्हणून आत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती काही आठवड्यांनी काढायची असते. पण दिवाळी आली, मग मुलाची बारावी. लघवीला जळजळ व्हायची, तर ‘उष्णता’ म्हणून सब्जा! पाच महिन्यांनी फोटोत दिसले, नळीवरच खडे साचलेले. ते फोडायला दुसरी शस्त्रक्रिया, दुसरा खर्च. तेव्हा घरी येताना ‘नळी आत आहे का, कधी काढायची?’ हे विचाराच, आणि तारीख कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा.

खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. ससूनमध्येही चौकशी करता येते.

आणि हो, खडा कॅल्शियमचा म्हणून दूध तोडू नका. त्याने उलट खडे वाढू शकतात. पापड-लोणच्याचे मीठ तोडा. पाणी इतके प्या की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी. आम्ही शिक्षिका तेच टाळतो. शाळेतले स्वच्छतागृह नको, म्हणून सकाळचे तांब्याभर पाणी थेट दुपारी घरी! परवा आम्ही पाचजणी मुख्याध्यापकांकडे कडी आणि नळाची तक्रार घेऊन गेलो. कडी बसली, नळ सोमवारी बसवतो म्हणालेत.