शिळं पेट्रोल

ऑक्टोबरच्या वादळात न्यू जर्सीतल्या आमच्या ड्राइव्हवेवर झाड आडवं पडलं. बायकोला हॉस्पिटलात रात्रपाळी, आणि चेनसॉ सुरूच होईना! दोरी ओढून खांदा गेला. शेवटी शेजाऱ्याच्या करवतीने वाट काढली.

चूक माझीच. एप्रिलमध्ये ऑइल घालून ठेवलेलं पेट्रोल वापरलं. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं. ते ओल धरतं, महिनाभरानंतर मिश्रणाचा भरवसा नाही, कार्बुरेटर चिकट होतो. बाबांच्या स्कूटरमध्ये पंपावरच टू-टी ऑइल पडायचं, आठवड्यात टाकी रिकामी. साठवायचं कशाला?

आता गॅलनला 2.6 औंस ऑइल, म्हणजे 50:1, लागेल तेवढंच, डब्यावर तारीख. थंडीआधी मात्र इथेनॉल नसलेला तयार मिश्रणाचा सीलबंद डबा आणतो. महाग पडतो, पण करवत पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होते.