लखनौची सहल आणि एका बोटीची गोष्ट

लखनौ म्हटले की डोळ्यांपुढे येतात नवाब, 'पहले आप'ची तहजीब, चिकनचे नाजूक भरतकाम केलेले कुर्ते आणि चौकातल्या कबाबांचा दरवळ. मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने निघालेले मराठी कुटुंब जवळपास चोवीस तासांनी या शहरात उतरते ते हीच यादी मनात घेऊन. मग एका दिवसात 'लखनौ दर्शन' उरकायचे, संध्याकाळी चौकात किंवा अमीनाबादेत खरेदी करायची आणि दुसऱ्या दिवशी अयोध्या किंवा वाराणसी गाठायची, असा बेत ठरतो.

एका दिवसाची ही सहल वाईट मुळीच नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात हवा सुखद असते. हिवाळ्यात चौकातल्या गोल दरवाजापाशी मिळणारे फेसासारखे हलके 'मक्खन मलाई' तोंडात टाकताच विरघळते आणि मुले खूश होतात. पण आपण नेमके काय पाहून आलो, हे घरी परतल्यावर मुलांना विचारले तर 'भूलभुलैया' हा एकच शब्द ऐकू येतो. बाकीच्या इमारती एकमेकींत मिसळून जातात.

दुष्काळातून उभी राहिलेली वास्तू

सहलीची सुरुवात बहुधा बडा इमामबाडा पाहण्याने होते. वास्तूचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे. छताला आधार द्यायला ना लाकडी तुळई, ना लोखंड, ना मध्ये एखादा खांब! हे अवाढव्य छत पेलणाऱ्या भिंतींमध्ये आणि कमानींमध्ये जे चिंचोळे मार्ग तयार झाले, तोच तो प्रसिद्ध भूलभुलैया. दालनाच्या एका टोकाला कागद फाडला किंवा काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते, हे वाटाडे हौसेने करून दाखवतात.

ही वास्तू का बांधली, हे मात्र घाईत ऐकून सोडून दिले जाते. १७८४ मध्ये अवधवर मोठा दुष्काळ पडला. नवाब आसफुद्दौलाने लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते रोजगार हमीचे काम होते. खानदानी घरातली माणसेही पोटासाठी आली आणि कुणी ओळखू नये म्हणून त्यांना रात्रीच्या अंधारात काम दिले जाई, अशी कथा इथे सांगितली जाते. कथेतला इतिहास किती आणि लोकांची आवड किती, हा भाग वेगळा; पण शेजारचा देखणा रूमी दरवाजाही त्याच काळातला, हे समजले की त्या कमानीखालून जाताना नजर बदलते. शोभेसाठी बांधलेल्या वाटणाऱ्या या दगडविटांच्या मागे हजारो उपाशी माणसांच्या घरची चूल आहे.

गोळ्यांच्या खुणा

दुपारनंतर गाडी रेसिडेन्सीपाशी थांबते. इथे वाटाड्यांची गर्दी कमी, हिरवळ आणि झाडे भरपूर. सकाळी फिरायला येणारे, सावलीत बसलेली जोडपी, क्रिकेटचा चेंडू शोधणारी मुले आणि त्यांच्यामध्ये उभ्या, छप्पर उडालेल्या विटांच्या भिंती. भिंतींवर तोफगोळ्यांनी पडलेली भगदाडे आणि बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटसाठी बांधलेला हा परिसर. १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा करून वाजिद अली शाहला कलकत्त्याला धाडले. दुसऱ्याच वर्षी उठाव झाला. ३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत इंग्रज हरले आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. आत सुमारे तीन हजार माणसे होती. त्यांत इंग्रज शिपाई आणि अधिकारी होते, त्यांच्या बायका आणि मुले होती, तसेच कंपनीशी एकनिष्ठ राहिलेले हिंदी शिपाई आणि नोकरचाकरही होते. मुख्य अधिकारी हेन्री लॉरेन्स पहिल्या काही दिवसांतच तोफगोळ्याने जखमी होऊन ४ जुलैला मरण पावला. बायकामुलांनी तळघरांत आसरा घेतला. शिधा मोजून मिळू लागला. तोफगोळ्यांनी मेले त्यांच्या जोडीला पटकी आणि देवीनेही अनेकांना नेले. कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने अखेर नोव्हेंबरमध्ये त्यांना बाहेर काढले.

भिंतीबाहेर काय घडत होते? बेगम हजरत महलने आपला अल्पवयीन मुलगा बिरजिस कद्र याला गादीवर बसवून लढ्याची सूत्रे हाती घेतली होती. नोव्हेंबरमध्ये सिकंदर बागेत एका दिवसात सुमारे दोन हजार हिंदी सैनिक कापले गेले. तिथेच लढताना पडलेल्या उदादेवीचा पुतळा आज त्या जागी उभा आहे. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतले आणि पुन्हा बंड झाले तर सैन्य चटकन हलवता यावे, म्हणून दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यासाठी जुन्या शहराचा मोठा भाग पाडला. बडा इमामबाडाही काही वर्षे लष्कराच्या ताब्यात होता. बेगमने शरणागती पत्करली नाही. ती नेपाळात गेली आणि १८७९ मध्ये काठमांडूला वारली.

इंग्रजांनी रेसिडेन्सीची डागडुजी मुद्दामच केली नाही. ते त्यांचे विजयस्मारक होते. तिथला युनियन जॅक सूर्यास्तानंतरही उतरवला जात नसे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, तो कायमचा खाली आला. दहा वर्षांनी, उठावाच्या शताब्दीला, समोरच गोमतीच्या काठी शहीद स्मारक उभे राहिले. भिंती त्याच, पण पाहणारा बदलला आणि त्यांचा अर्थही बदलला. एकासाठी जी शौर्याची निशाणी, ती दुसऱ्यासाठी परक्या सत्तेच्या आडमुठेपणाची. मुलांना घेऊन इथे आलेल्या आईबापांनी तिसराही अर्थ शोधायला हरकत नाही. तळघरात श्वास रोखून बसलेली मुले आणि घर पाडले गेल्यामुळे रस्त्यावर आलेली चौकातली मुले यांच्या भीतीत फरक तो काय?

दुसऱ्या एका शहराचा भग्न घुमट

असाच मुद्दाम जपलेला एक भग्नावशेष जपानमध्ये आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. स्फोटाच्या अगदी जवळ असूनही एका सरकारी इमारतीचा सांगाडा आणि घुमट कसाबसा उभा राहिला. हे दुःख डोळ्यांपुढून दूर करा, असे म्हणणारे लोक त्या शहरातही होते. पण १९६६ मध्ये नगरपालिकेने तो कायम जपायचा ठराव केला आणि १९९६ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. आज जगभरचे पर्यटक तिथे येतात, छायाचित्रे काढतात आणि पुढच्या गाडीने दुसऱ्या शहरी जातात.

पाहून पुढे जाणे ज्यांना जमले नाही, असे एक अमेरिकन कुटुंब होते. त्यांची गोष्ट मराठी घरांत फारशी माहीत नाही.

जग पाहायला निघालेले कुटुंब

अर्ल रेनॉल्ड्स हा मानववंशशास्त्रज्ञ. अणुबाँबच्या किरणोत्सर्गाचा मुलांच्या वाढीवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकन सरकारी आयोगाने त्याला १९५१ मध्ये हिरोशिमाला पाठवले. पत्नी बार्बरा मुलांसाठी पुस्तके लिहीत असे. अर्लला बोटीचे वेड होते. त्याने हिरोशिमातच सुमारे ५० फूट लांबीची शिडाची लाकडी बोट बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले 'फिनिक्स ऑफ हिरोशिमा'. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे हे नाव होते.

१९५४ मध्ये आईवडील, मुलगा टेड, धाकटी जेसिका आणि हिरोशिमाचे तीन हौशी खलाशी जगप्रदक्षिणेला निघाले. ही शुद्ध सहल होती. बंदर लागले की उतरायचे, शहर पाहायचे, माणसांना भेटायचे आणि वारा पाहून पुढे निघायचे. अशा बोटीवरचे जीवन मात्र सहलीसारखे सोपे नसते. गोडे पाणी मोजून वापरावे लागते. स्वयंपाक हलत्या शेगडीवर करावा लागतो. रात्रंदिवस आळीपाळीने पहारा द्यावा लागतो. चार पावलांच्या जागेत भांडण झाले तरी रुसून जायला दुसरी खोली नसते. जवळपास चार वर्षे हे कुटुंब असे जगले आणि १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या होनोलुलू बंदरात पोहोचले.

त्या वर्षी अमेरिका प्रशांत महासागरात अणुस्फोटांची मोठी मालिका करत होती आणि त्यासाठी समुद्राचा प्रचंड पट्टा नागरिकांना बंद केला होता. होनोलुलूच्याच बंदरात 'गोल्डन रूल' नावाची ३० फुटी बोट अडकवून ठेवलेली होती. स्फोटांचा निषेध करण्यासाठी त्या बंद पट्ट्यात जायला ती निघाली होती. तिचा कप्तान अल्बर्ट बिगलो हा नौदलाचा माजी अधिकारी. हिरोशिमात भाजलेल्या मुली उपचारांसाठी अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांतल्या दोघी त्याच्या घरी राहिल्या होत्या. बंदी मोडण्यापूर्वी सरकारला तसे कळवायचे, प्रतिकार करायचा नाही आणि शिक्षा झाली तर भोगायची, ही त्याची रीत भारतीय वाचकांच्या ओळखीची आहे. दांडीयात्रेचे बोट धरूनच ही मंडळी निघाली होती. त्यांना अटक झाली आणि साठ दिवसांची कैद झाली.

चौदा वर्षांची जेसिका

रेनॉल्ड्स कुटुंब त्यांना बंदरातच भेटले होते. हिरोशिमातली मुले अर्लने तीन वर्षे स्वतः तपासली होती. आता प्रश्न घरातल्या सर्वांपुढे होता. त्यांचा घरी परतण्याचा मार्ग त्याच समुद्रातून जात होता. वळसा घालून मुकाट्याने जायचे, की जे माहीत आहे ते मान्य करून सरळ जायचे? जेसिका तेव्हा चौदा वर्षांची होती, टेड वीस वर्षांचा.

ते सरळ गेले. हिरोशिमाचा निइची मिकामी हा तरुणही सोबत होता. १ जुलै १९५८ रोजी 'फिनिक्स' बंद पट्ट्यात शिरली. अमेरिकन तटरक्षक दलाने तिला गाठले आणि अर्लला अटक केली. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, पण १९६० मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. त्याच वर्षी बोट हिरोशिमाला पोहोचली आणि जगप्रदक्षिणा पुरी झाली.

या धाडसाची किंमत कुटुंबाने मोजली. अर्लची शास्त्रज्ञाची नोकरी मागे पडली आणि पुढे पतिपत्नी विभक्त झाले. बार्बरा मात्र पुढची काही वर्षे हिरोशिमातच राहिली. बाँबमधून वाचलेल्यांना तिने देशोदेशी नेले आणि १९६५ मध्ये हिरोशिमात 'जागतिक मैत्री केंद्र' उभे केले. १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यावर भारतानेही सही केली. दोन छोट्या बोटींमुळे तो झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण १९७१ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावरून अणुचाचणीच्या बेटाकडे निघालेल्या जहाजातून 'ग्रीनपीस' ही संघटना जन्माला आली, ती याच वाटेने. 'गोल्डन रूल' बुडाल्यावर माजी सैनिकांच्या एका संघटनेने ती दुरुस्त करून २०१५ मध्ये पुन्हा पाण्यात सोडली. त्यानंतर ती बंदराबंदरांतून फिरली आणि लोक तिला पाहायला आले.

लखनौत काय पाहावे

लखनौला समुद्र नाही, पण या विचाराची वाट या शहरातही येते. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर देशातल्या बहुसंख्य लोकांना अभिमान वाटला. शेजारी अण्वस्त्रे असताना आपण हात बांधून का बसावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही ११ मे १९९९ रोजी काही माणसे पोखरणहून पायी निघाली आणि ६ ऑगस्टला, हिरोशिमादिनी, सारनाथला पोहोचली. या पदयात्रेच्या पुढाऱ्यांमध्ये होते संदीप पांडे, लखनौला कर्मभूमी मानणारे कार्यकर्ते. २००२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अण्वस्त्रांबद्दल त्यांचे मत पटो न पटो, मुलांशी बोलायला हा विषय चांगला आहे.

म्हणून लखनौला जाणाऱ्या कुटुंबाने एक दिवस वाढवावा. पहिला दिवस इमामबाडे, रूमी दरवाजा आणि चौकाला द्यावा. इमामबाड्यात पादत्राणे काढावीत, डोके झाकायला ओढणी किंवा रुमाल जवळ ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी रेसिडेन्सीत निवांत दोन तास घालवावेत. आधी तळघर आणि संग्रहालय पाहावे, मग दफनभूमी, नंतर रस्ता ओलांडून शहीद स्मारक आणि शेवटी सिकंदर बाग. म्हणजे वेढ्याच्या आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू एकाच सकाळी समोर येतात.

मुलांच्या हाती वही द्यावी. किती भगदाडे मोजली ते त्यांनी लिहावे, आणि त्या रात्री भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण असतो तर काय केले असते, तेही लिहावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही वाटाड्या देणार नाही. ते घरातल्यांनीच एकमेकांना विचारायचे आहे, आणि परतीच्या गाडीत चोवीस तास मोकळेच असतात.