जुन्या दिव्याला नवी वायर
(जपलेल्या वस्तू : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात दिव्याचं पितळ उजळून झालं. आता दिवा उपडा करू आणि त्याच्या पोटात काय आहे ते पाहू.

हा टेबल लॅम्प मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी आणला. विकणाऱ्याने जागच्या जागी बल्ब लावून दाखवला, दिवा लख्ख पेटला. घरी येऊन होल्डर उघडला, वायर बोटाने जराशी वाकवली, तर वरचं रबर कुरडईसारखं काटकन तुटलं आणि त्याचे तुकडे टेबलावर पडले. आतली तार उघडी, आणि तिच्यापासून पितळी नळीची कड जेमतेम अर्ध्या सुतावर. दिवा पेटला याचा अर्थ तार तुटलेली नाही, एवढाच. तारेवरचं आवरण शाबूत आहे की नाही, हे पेटलेला बल्ब सांगत नाही.

आमच्या घरी लहानपणी असाच एक दिवा होता. त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्यावर घरातला ठरलेला उपाय म्हणजे, “पायात चप्पल घाल आणि मग लाव.” त्या झिणझिण्या म्हणजे वीज आमच्या अंगातून जमिनीकडे जात होती. चपलेने तिची वाट अडायची, दोष होता तिथेच राहायचा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर कुणी अनवाणी हात लावला असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या घरात अशी “चप्पल घालून लावायची” वस्तू असेल, तर लेख पुढे वाचण्याआधी तिचा प्लग काढून ठेवा.

वायर खराब का होते? पुष्कळांना वाटतं, जास्त वीज वाहून. पण ६० वॅटचा बल्ब आपल्या २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर ओढतो, तेवढ्याने कुठलीही धड वायर तापत नाही. तिला मारते ती बल्बची धग. तारेच्या जुन्या बल्बात बहुतेक विजेची उष्णताच होते. ती शेडखाली कोंडते आणि होल्डरमधल्या दोन-तीन इंच वायरला रोज भाजते. बल्ब खाली तोंड करून लटकत असेल तर धग सरळ होल्डरवर चढते, मग विचारायलाच नको.

जुन्या वायरची घडण मात्र सुंदर होती. तांब्याच्या बारीक तारा, त्यांवर रबर, रबरावर सुती किंवा रेशमी वीण, आणि अशा दोन वायरी गोफासारख्या पिळलेल्या. सोलून पाहिलं तर तार चंदेरी दिसते, म्हणून लोक तिला अॅल्युमिनियम समजतात. ते तांबंच असतं. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालत, गंधक तांब्याला खातं, म्हणून तारेला कथिलाचा मुलामा. इतका विचार करणाऱ्या कारागिरांनाही रबराचं म्हातारपण चुकवता आलं नाही. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून त्याला कडक आणि ठिसूळ करतातच. वरून वीण शाबूत दिसते, कारण आत तुटलेल्या रबराचे तुकडे तीच धरून ठेवते. म्हणूनच अशा वायरला टेप गुंडाळू नये, ती सगळी बदलावी. टेप एका जागी लावाल, पुढची भेग वीतभर अंतरावर तयार असते.

नवी वायर घ्यायला पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. दुकानात १४/७६, २३/७६, ४०/७६ अशी भाषा चालते. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा जाडी: ०.००७६ इंच. टेबल लॅम्पला २३/७६ छान, नळी अरुंद असेल तर १४/७६ सुद्धा पुरते. दिवा धातूचा असेल तर वायर तीन कोअरचीच घ्या आणि आयएसआय छाप पाहून घ्या. जुनं रूप हवं असेल तर आत पीव्हीसी आणि वर कापडी वीण असलेली वायरही हल्ली मिळते.

जुन्या वस्तू जमवणाऱ्या काही जणांना मूळ वायर काढली की दिव्याची किंमत गेली असं वाटतं. त्यांनी ती वायर गुंडाळून पाकिटात जपावी, मीही जपली आहे. पण जो दिवा लावायचा, त्यात ती नको.

काम सुरू करण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. होल्डर उघडून फोटो काढून ठेवा. जुन्या वायरच्या टोकाला बारीक सुतळी बांधा आणि दुसऱ्या टोकाने वायर हलकेच ओढून घ्या, की सुतळी नळीत येते. मग त्याच सुतळीने नवी वायर आत खेचायची, लेंग्यात नाडी ओवतात तशी. वायर आतच तुटली तर सुतळीला छोटा नट बांधून वरून सोडा. बैठकीच्या भोकाची कड बोटाने चाचपून पाहा. माझ्या दिव्याची कड ब्लेडसारखी होती. ती कानशीने गोल केली आणि भोकात रबरी ग्रोमेट बसवला. हे राहिलं तर नवी वायरही तिथेच कापली जाणार.

वायर सोलताना एकही तार कापली जाऊ देऊ नका. तारा पिळून, टोक दुमडून स्क्रूखाली घट्ट धरा. टोकाला सोल्डर लावून मग स्क्रू आवळायची सवय काही जणांना असते, ती चुकीची आहे. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल पडतो आणि तिथे ठिणग्या उडू लागतात.

हिरव्या-पिवळ्या, म्हणजे अर्थच्या, वायरला कंटाळू नका. बैठकीच्या आतल्या बाजूला पितळ खरवडून चकचकीत करा आणि नट-बोल्टने ती तिथे पक्की करा. उघडी तार पितळाला लागलीच, तर वीज माणसाऐवजी या वाटेने जाते. प्लग तीन पिनांचा, ६ अँपिअरचा. तपकिरी वायर फेजला, निळी न्यूट्रलला. अर्थची वायर प्लगमध्ये थोडी लांब सोडा, म्हणजे हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. वायरमध्ये बटण बसवणार असाल तर ते तपकिरी वायरवरच हवं. आणि भिंतीतल्या सॉकेटला मुळात अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक बरेचदा नुसतं दाखवायला असतं.

शेवटी तपासणी. बल्ब न लावता, बटण चालू स्थितीत ठेवून मल्टिमीटर घ्या. प्लगची मोठी पिन आणि दिव्याचं पितळ यांच्यात बीप वाजला पाहिजे. बाकीच्या दोन्ही पिनांपैकी कुठलीही पितळाशी किंवा एकमेकींशी बोलता कामा नये. त्यानंतर इलेक्ट्रिशियनच्या सिरीज बोर्डवर (त्यात विजेच्या वाटेवर एक बल्ब जोडलेला असतो) प्लग लावा. तिथला बल्ब पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, परत उघडा. माझ्या वेळी तो विझलेलाच राहिला. मग दिव्यात ९ वॅटचा एलईडी लावला, जुन्या बल्बची धग आता होल्डरला सोसायची नाही.

पुढच्या आठवड्यात इस्त्री घेऊ. तोवर घरात आजीच्या काळातली इस्त्री असेल तर तिची कापडी वायर कुणीही कापू किंवा सोलू नका. अशा काही वायरींत विणीखाली अॅस्बेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही.