अवधानाच्या मर्यादा आणि दृश्य बदलांची जाणीव

डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट आपल्याला दिसतेच, असा सर्वसामान्य समज आहे. मात्र नेत्रपटलावर प्रतिमा उमटणे आणि तिची जाणीव होणे या भिन्न प्रक्रिया असून त्यांना जोडणारा दुवा म्हणजे अवधान होय. अवधानाची क्षमता मर्यादित असते. त्यामुळे समोरचा ठळक बदलही नजरेतून निसटतो. मानसशास्त्रात यास 'बदल-अंधत्व' असे म्हटले जाते.

एरवी वस्तू सरकली की तेथील हालचालच अवधान वेधून घेते. ही हालचाल झाकली गेल्यास काय होते, हे रेन्सिंक, ओरेगन व क्लार्क यांनी १९९७ मध्ये दाखविले. मूळ व बदललेले चित्र आलटूनपालटून दाखविताना मध्ये क्षणभर कोरा पडदा आणला की मोठा बदलही शोधण्यास बराच वेळ लागतो. व्यवहारात पापणीची उघडझाप किंवा मध्येच आडवे गेलेले वाहन हेच कार्य करते.

सायमन्स व लेव्हिन यांचा १९९८ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात एक संशोधक पादचाऱ्यास रस्ता विचारीत असे. दोन माणसे लाकडी दार घेऊन मधून जात आणि त्या आडोशाने विचारणारी व्यक्तीच बदलली जाई. उंची, आवाज, कपडे निराळे असूनही १५ पैकी केवळ ७ जणांना हा बदल जाणवला. ते बहुधा संशोधकांच्याच वयाचे होते. पुढे संशोधकांनी बांधकाम मजुरांचा वेष केला, तेव्हा १२ विद्यार्थ्यांपैकी अवघ्या चौघांनी बदल ओळखला. 'मजूर' एवढी नोंद झाली की चेहऱ्याकडे अवधान वळत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. वर्गभेद येथे दृष्टीच्या पातळीवरच कार्य करताना दिसतो.

न्यायव्यवहारात ही मर्यादा गंभीर ठरते. डेव्हिस व हाइन यांच्या २००७ मधील अभ्यासात घरफोडीच्या चित्रफितीत मध्येच चोर बदलला होता. ६१ टक्के प्रेक्षकांना ते कळले नाही. शिवाय आपण असा बदल नक्की टिपू, असा बहुतेकांचा विश्वास असतो. अशा साक्षीदाराने केलेले वर्णन प्रामाणिक असते, ठामही असते. परंतु त्यात दोन व्यक्ती एकच मानल्या गेलेल्या असू शकतात, आणि उलटतपासणीतही हे उघड होईलच असे नाही.