गोंदियाचा पिनकोड : ४४१६०१ या संख्येची तपासणी

४४१६०१ हा गोंदियाच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेली ही पद्धत संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिले तीन अंक टपालाच्या छाननीचा विभाग दाखवतात, पुढचे तीन वाटपाचे कार्यालय. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी दोन्ही शहरांचे पिनकोड ४४१ नेच सुरू होतात.

ही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे कागद-पेन्सिलीने ठरवता येते. ६६४ चा वर्ग ४,४०,८९६ आणि ६६५ चा ४,४२,२२५. म्हणून ६६४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे. अशा संख्या १२१ आहेत. २ आणि ५ शेवटच्या अंकावरूनच बाद होतात. अंकांची बेरीज १६, म्हणून ३ ने भाग जात नाही. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ असल्याने तिघांची कसोटी एकदम लागते: ६०१ वजा ४४१ म्हणजे १६०, आणि १६० ला तिघांपैकी कोणीही भागत नाही. पुढे मात्र एकेक भागाकार करावा लागतो. २३ ने भागल्यास बाकी अवघी १ उरते. चिकाटी लागते ती इथेच. बत्तिसाव्या मूळ संख्येला, १३१ ला, भाग पूर्ण जातो:

४४१६०१ = १३१ × ३३७१

३३७१ हीदेखील मूळ संख्या आहे. त्यामुळे विभाजक चारच: १, १३१, ३३७१ आणि ती संख्या स्वतः. स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज ३५०३, म्हणजे ही न्यून संख्या. दोन्ही मूळ अवयवांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. म्हणून ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. अशा गुणाकाराला ब्लम संख्या म्हणतात; गुप्तलेखनात प्रचंड मोठ्या ब्लम संख्या उपयोगी पडतात, कारण गुणाकार सोपा आणि अवयव शोधणे महाकठीण.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी संख्यांचे जे प्रकार पाडले, ते लावून पाहणे सर्वांत आनंदाचे. अंकांच्या बेरजेने, १६ ने, भाग जात नाही, म्हणून ही हर्षद संख्या नव्हे. ४४१५७५ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज २६ मिळवली की ४४१६०१ येते, म्हणून ती देवळाली संख्याही नव्हे. आता कापरेकरांची वजाबाकी: अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची.

६४४११० − ०११४४६ = ६३२६६४
६६६४३२ − २३४६६६ = ४३१७६६
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

६३१७६४ चे अंक तेच असल्याने पुढे उत्तर बदलत नाही. चार अंकी संख्यांत ६१७४ जशी या वजाबाकीने बदलत नाही, तशी सहा अंकांत ६३१७६४. मात्र बहुतेक सहा अंकी संख्या तिथे पोहोचत नाहीत. याच जिल्ह्यातल्या तिरोड्याचा पिनकोड ४४१९११ दोन वजाबाक्यांत ६४२६५४ वर येतो आणि सात संख्यांच्या चक्रात कायमचा फिरत राहतो.